मर्जीची क्रियापदे

शनिवारची तालीम साडेतीनला संपली. सात मुले घरी गेली. आठवी, सायली, बाहेर पर्जन्यवृक्षाखालच्या दगडी कट्ट्यावर बसली आहे, कारण तिची आई एचएसआर लेआउटहून गाडी घेऊन पाचला पोहोचणार आहे. मी आत, देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), तिसऱ्या बाकावर बसले आहे; मनगटावरचे घड्याळ काढून समोरच्या फळीवर ठेवले आहे. पाचच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे.

उद्या चार वाजता इथे दृढीकरणाची उपासना आहे. तान्हेपणी आईबापांनी आपल्या वतीने देवाला जे वचन दिले, ते कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने पुन्हा देणे, याला आम्ही दृढीकरण म्हणतो. बिशपसाहेब प्रत्येक मुलाला विचारतील, तुझा असा विश्वास आहे काय. आणि त्याने एकच शब्द उच्चारायचा: होय. हा शब्द मी सहा महिने मुलांकडून घोटून घेतला. ही मुले पुण्यामुंबईहून इथे, कन्नड मुलखात, आलेल्या घरांतली. त्यांचे निम्मे मराठी इंग्रजीतच असते. प्रसन्न नावाच्या मुलाने पहिल्या तालमीत सरळ 'ओके' म्हटले होते. मी शिकवले, की 'हो' हा घरातला शब्द. आईने आणखी भात हवा का विचारले, तर 'हो' म्हणावे. देवासमोर 'होय' म्हणावे, आणि त्यातला 'य' गिळू नये.

आज सगळे पायऱ्या उतरले, तेव्हा सायली मागे राहिली.

"टीचर, एक सांगायचं होतं. रागावणार नाही ना?"

"आधी सांग. रागाचं नंतर बघू."

"मी उद्या 'होय' नाही म्हणू शकत."

"पाठ झालं नाही?"

"पाठ आहे ना! तोच तर प्रॉब्लेम आहे. नुसतं पाठ आहे." तिने चपलेच्या टोकाने फरशीवरची रेघ गिरवली. "तुम्हीच म्हणालात, 'हो' घरातला आणि 'होय' देवासमोरचा. माझ्याकडे 'हो' आहे. आई म्हणाली कर, म्हणून हो. 'होय' अजून आलेला नाही. मी रोज प्रार्थना करते, टीचर, खरंच करते. पण आला नसताना आल्यासारखं करायची मला भीती वाटते."

"लोकांची भीती?"

"लोकांची नाही," ती म्हणाली.

तीस वर्षे शाळेत शिकवून मला कोणत्याही प्रश्नाचे तत्काळ उत्तर देण्याची सवय लागली आहे. आज मी एवढेच म्हणाले, "बाहेर थांब. मी विचार करते." कार्यक्रमपत्रिका छापून आल्या आहेत, त्यांत आठ नावे आहेत. सायलीच्या घरी पुण्याहून दहा पाहुणे उतरले आहेत. मी आजवर सतरा वर्षे हा वर्ग घेतला आणि माझा एकही विद्यार्थी गळाला नाही. मंडळीत हे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, आणि ते सांगितले जात असताना मी दुसरीकडे पाहत असले, तरी कान तिकडेच असतात.

या देवळात अजून माझ्या लहानपणचाच वास आहे. शिवाजीनगरच्या बसस्थानकापासून हे पाच मिनिटांच्या अंतरावर. तरी जाड दगडी भिंतींच्या आत आले, की हॉर्न दूर कुठेतरी भांडणाऱ्या शेजाऱ्यांसारखे ऐकू येतात. मेणाचा वास, जुन्या लाकडाला लावलेल्या तेलाचा वास, आणि त्यांवर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा. देऊळ आमचे नव्हतेच. सकाळी इंग्रजी उपासना, मग तमिळ, आणि दुपारी चारला, सगळ्यांचे आटोपल्यावर, आम्ही. तमिळ बायकांच्या वेण्यांतून गळलेल्या कळ्या बाकांखाली पडलेल्या असत. आम्ही मुली त्या वेचून रुमालात बांधत असू, आणि पहिल्या गीतापर्यंत रुमाल नाकाशी धरून बसत असू. बाक उबदार असत. दुसऱ्यांच्या प्रार्थनेची ऊब आहे, असे पप्पा म्हणत, आणि आई म्हणे, "ऊब कसली, पंखे बंद करून जातात ती माणसं."

आम्ही मल्लेश्वरमला राहत होतो. रविवारी जेवण झाले, की आई आम्हां दोघी बहिणींच्या फ्रॉकना इस्त्री करी. खळीचा, कोळशाचा आणि ओल्या कापडाचा तो वास म्हणजे माझ्यासाठी शब्बाथाचा, विसाव्याच्या दिवसाचा, वास. पप्पा ओट्यावर बसून चार जोड बूट ओळीने पॉलिश करत. ते एका कारखान्यात नकाशे काढत, आणि बुटांनाही त्याच एकाग्रतेने ब्रश लावत, डावा आधी, मग उजवा. मग बस, तिच्यातली कंडक्टरची शिटी, "स्वल्प मुंदे होगी", जरा पुढे सरका, हा त्याचा अखंड जप, आणि आईचा पिनांनी आवळलेला पदर. शिवाजीनगरला उतरलो, की बेकरीतल्या गरम पावाचा वास अंगावर येई. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवळाच्या फाटकापाशी गुलाबी फुलांचा सडा असे. डिसेंबरात बांबूच्या कामट्यांचा तारा, त्याच्या कागदाची खळ वाळेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद, आणि करंज्यांनी भरलेले डबे. उपवासकाळात वेदीवरची फुले नाहीशी होत, आणि ती रिकामी फुलदाणी मला वर्षातल्या कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक लक्षात राहिली आहे.

त्या मराठी मंडळीत फार तर चाळीस घरे होती. नगरकडची, मिरजेकडची, सोलापूरकडची. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी परिचारिका. चाळीस घरे म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण उशिरा आले, कोणाची मुलगी कोणाबरोबर बसस्टॉपवर दिसली, कोणी प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही, हे चहा निवण्याआधी सगळ्यांना कळलेले असे. आमच्या भाषेत 'मंडळी' हा शब्द चर्चलाही आहे आणि चार लोकांनाही आहे. लहानपणी मला त्यांतला भेद कळत नव्हता. अजूनही काही रविवारी कळत नाही.

मी अकरा वर्षांची असताना रविवारच्या शाळेत आम्हांला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना लिहून आणायला सांगितली होती. मी लिहिले: 'हे प्रभू, मला सदैव तुझी मर्जी राखण्यास शिकव.' ती प्रार्थना उपासनेत सर्वांसमोर वाचली गेली. दयामावशी या आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठ बाई. बायकांच्या प्रार्थनासभेची सूत्रे त्यांच्याकडे आणि पेपरमिंटची डबीही. त्यांनी मला जवळ ओढले आणि दोन गोळ्या दिल्या. एक गोळी म्हणजे बरे, दोन म्हणजे उत्तम. तीन कोणाला मिळाल्याचे मला आठवत नाही.

घरी आल्यावर पप्पांनी तो कागद मागितला. त्यांच्याजवळ एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी असलेली पेन्सिल असे. लाल टोकाने त्यांनी 'राखण्यास' या शब्दाभोवती एक वर्तुळ काढले.

"वाक्य चुकलं?" मी विचारले.

"वाक्य बरोबर आहे. क्रियापद चुकलं."

"शाबास!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळ्या मंडळीनं पोरीचं कौतुक केलं, आणि हे घेऊन बसले लाल पेन्सिल."

पप्पा हसले, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. "मर्जी राखतात ती साहेबाची. राखतात, सांभाळतात, संपादन करतात. का सांभाळायची? तर ती कधीही जाते. तू उद्या प्रार्थना नाही लिहिलीस, तर मावशींची मर्जी जाईल की नाही?"

"जाईल."

"देवाची तशी जात नाही. ती राखायची नसते. ती ओळखायची, आणि मग तसं वागायचं."

"ओळखायची कशी?"

त्यांनी पेन्सिलीचे टोक निरखले. "ते मला पूर्ण येत नाही," ते म्हणाले. "शिकतोय." आणि कागद मला परत दिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ते लाल वर्तुळ खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला. रंगीत पेन्सिल नीट पुसत नाही. कागद तेवढ्या जागी केसाळ झाला.

पप्पा मंडळीचे वाचक होते. दर रविवारी शास्त्रपाठ तेच वाचत. पुढे एका वर्षी, मी तेरा-चौदा वर्षांची असेन, ते वाचेनासे झाले. मंडळीच्या एका सभेत सगळ्यांचे हात वर गेले असताना त्यांचा गेला नव्हता, एवढेच मला कळले. ठराव कशाचा होता हे मी कधी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. मला आठवते ते त्यानंतरचे सहा-सात महिने. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे दोन-तीन घरे चहाला येत असत, ती यायची थांबली. आई सवयीने मोठे पातेले चढवी. फाटकाच्या कडीचा आवाज झाला, की ती पदर सावरून उठे. तो शेजारच्यांच्या फाटकाचा असे. मी अभ्यासाचे पुस्तक पुढे घेऊन त्या कडीकडे कान लावून बसत असे, परीक्षेची घंटा व्हायची वाट पाहावी तशी. फक्त ही परीक्षा कधी संपणार ते वेळापत्रकात नव्हते.

"एकदा हात वर केला असतात, तर काय झिजला असता?" आई एकदा म्हणाली.

"झिजला नसता," पप्पा म्हणाले. "चहा मात्र आता छान मिळतो. दोन-दोन कप."

रविवारी ते तेच बूट त्याच क्रमाने पॉलिश करत राहिले. देवळात मात्र आम्ही पहिल्या बाकावरून शेवटच्यावर गेलो. तिथून वेदी लहान दिसे, आणि माणसांच्या मानाच दिसत. कोणती मान वळते, कोणती वळत नाही, याचा मी त्या महिन्यांत जितका बारकाईने अभ्यास केला, तितका शास्त्रपाठांचा केला नाही. आणि माझ्या मनाशी मी एक गोष्ट पक्की ठरवली, की मी कधीही शेवटच्या बाकावर बसणार नाही.

म्हणूनच सोळाव्या वर्षी माझे दृढीकरण झाले, तेव्हा माझा 'होय' सर्वांत स्पष्ट होता. पांढरी सलवार-कमीज, केसांत मल्लिगे, गुडघ्यांखाली काथ्याची टोचरी उशी. बिशपसाहेबांचे हात जड आणि उबदार होते, आणि त्यांच्या बाहीला कापराचा वास होता. त्यांनी प्रश्न विचारला. मला प्रश्न आठवत नाही. माझा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला, ते आठवते, आणि मागून उठलेली समाधानाची कुजबुज आठवते. "घंटेसारखा आवाज गं तुझा!" दयामावशी म्हणाल्या. त्या रविवारी फाटकाची कडी आमच्याच घराची वाजली. चहा पुरला नाही. आई इतकी हसत होती, की मला वाटले, एवढ्यासाठी मी काहीही म्हटले असते. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले, आणि काही विचारले नाही. त्यांनी विचारले असते, तर मी काय सांगितले असते, हा विचार मी पुढे पुष्कळ वर्षे टाळला.

त्यानंतर एकोणीस वर्षे मी नियमाने देवळात गेले. प्रभुभोजनाला उठताना कोण उठले आहे ते आधी पाहिले. प्रार्थनेत डोळे मिटले, पण माझी प्रार्थना लांबली की आखूड झाली, हे मी ऐकणाऱ्यांच्या श्वासावरून मोजत असे. वाईट असे काहीच केले नाही. सगळे माझ्यावर खूश होते. आणि दर रविवारी घरी परतताना माझे डोके दुखत असे.

मग पप्पांचे ऑपरेशन झाले. पहाटे त्यांना आत नेले, आणि मी इस्पितळाच्या मार्गिकेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आई घरी होती. तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते. फिनाइलचा वास येत होता, आणि एक बाई लांब दांड्याच्या फडक्याने फरशी पुसत माझ्याकडे सरकत होती. मी काय मागत होते, ते सांगता येणार नाही. मागणे संपले होते, एवढे खरे. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले, की मी अगदी हलक्या आवाजात पुन्हा पुन्हा 'होय' म्हणत आहे. कोणी प्रश्न विचारलेला ऐकू आला नव्हता. फरशी पुसणारी बाई माझ्यापाशी थांबली, मला नीट पाहून म्हणाली, "काल् एत्ती, अम्मा," म्हणजे पाय वर घ्या. मी पाय वर घेतले. तिने खालची फरशी पुसली आणि पुढे गेली. माझे खरे दृढीकरण झाले ते असे, पाय अधांतरी धरून. पप्पा त्यानंतर चार वर्षे जगले. त्यांना मी हे सांगितले नाही. सांगायला हवे होते.

घड्याळात साडेचार झाले होते, तेव्हा मी उठले आणि वेदीमागच्या खोलीत गेले. आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या भाच्याएवढे आहेत, सोलापूरकडचे, मनाने सरळ. ते उद्याच्या खुर्च्यांची यादी करत होते. मी सायलीचे सगळे सांगितले.

त्यांनी यादी बाजूला ठेवली. "बाई, उद्या बिशपसाहेब येताहेत. पत्रिका छापल्यात. दयामावशींनी व्हीलचेअरवरून फोन करून मला आठही नावं पाठ म्हणून दाखवली."

"मला ठाऊक आहे."

"लहान आहे हो ती. ह्या वयात सगळ्यांनाच असं वाटतं. म्हणून टाकू द्या. विश्वास मागाहून येतो. तुमच्या अनुभवात नाही का येत?"

मला हेच उत्तर नको होते, कारण ते माझ्याच बाबतीत खरे होते. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. हो म्हटले, की सगळे सुरळीत होणार होते: आठ नावे, आठ मुले, तिची आई, माझी सतरा वर्षे. आणि ती मुलगी उद्यापासून इकडेतिकडे पाहून देवासमोर उभी राहायला शिकणार होती. ते मीच शिकवलेले असणार होते.

"माझा आला मागाहून," मी म्हणाले. "एकोणीस वर्षांनी. मधली वर्षं मी देवाला नाही, तुम्हां लोकांना भीत होते, पाळकसाहेब. ती मुलगी आज देवाला भिऊन खरं बोलली आहे. तिला मी लोकांना भ्यायला कसं शिकवू?"

त्यांनी यादी पुन्हा पुढे ओढली. बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होते.

"बिशपसाहेबांना मी सांगतो," शेवटी ते म्हणाले. "पण तिच्या आईला तुम्ही सांगायचं. आणि मंडळीनं विचारलं, तर—"

"तर मी उत्तर देईन."

"विचारतीलच हो."

"सरी," मी म्हणाले. घाबरले, की माझ्या तोंडून 'ठीक आहे'सुद्धा कन्नडमधून निघते.

बाहेर आले, तेव्हा गाडी फाटकापाशी लागली होती. सायलीची आई कामावरून तशीच आली असावी. गळ्यात ओळखपत्राची पट्टी अजून होती, आणि हातात नव्या पांढऱ्या ड्रेसची पिशवी. फिटिंग करून आणला होता. मी सायलीपाशी थांबले. मला परत आत जावेसे वाटले. हे मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःला शूर समजण्याचा मोह होणार नाही.

"तू बोलतेस, की मी?"

"तुम्ही," ती म्हणाली. चार पावले गेल्यावर म्हणाली, "नको. मी. तुम्ही फक्त जाऊ नका."

ती बोलली. माझ्याशी बोलली होती त्यापेक्षा थोडक्यात. तिच्या आईने ऐकले, मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले.

"टीचर, तुम्ही तिला काही समजावलं नाहीत?"

"नाही."

"अहो, दहा माणसं आलीत घरी! माझ्या सासूबाई ह्या वयात रात्रभर ट्रेनमध्ये बसून आल्यात. त्यांना मी काय सांगू? मंडळी काय म्हणेल? सहा महिने तुम्ही काय शिकवलंत मग?"

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते देण्याची ती वेळ नव्हती. "सासूबाईंना मी येऊन सांगेन," मी म्हणाले. "आत्ता येऊ का?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सायली रडत नव्हती; ती आईकडे पाहत होती, आणि तिचा खालचा ओठ तेवढा दातांखाली होता. आता रागावतील, उद्या येणार नाहीत, कदाचित परत कधीच येणार नाहीत, असे मी एकेक मनात मांडत होते.

"झोपली नाहीयेस तू," तिची आई एकदम म्हणाली. "किती दिवस?"

"तीन-चार."

"आणि मला म्हणालीस, अभ्यास आहे."

त्यांनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली, पुढचे दार उघडले, आणि मुलगी आत बसेपर्यंत त्या ते धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहरा अजून कठोरच होता.

"उद्या उपासना किती वाजता आहे?"

ती वेळ त्यांना सहा महिन्यांपासून ठाऊक होती. "चार वाजता," मी म्हणाले.

"येतो आम्ही," त्या म्हणाल्या. "सगळेच येतो."